झिपरीला ब्रश दाखवला की ती सोफ्याखाली जाते

मधली_सुट्टी
मंडळी, मदत हवी आहे.

आमच्याकडे शिह त्झू जातीचं कुत्र्याचं पिल्लू आहे, झिपरी. तीन महिने पूर्ण व्हायला आठवडा बाकी आहे. नाव सासूबाईंनी ठेवलंय. बघितल्यावर कारण विचारावं लागत नाही.

दीड आठवड्यापूर्वी तिच्या डाव्या कानामागे छोटासा गुंता झाला. मला सोडवता येईना, म्हणून घराजवळच्या पार्लरमध्ये नेलं. ‘ठेवून जा, तासाभराने या’ म्हणाले. गेले तर ही टेबलावर उभी, गळ्यात वरून सोडलेला पट्टा, ब्लोअर चालू आणि बाईसाहेब पुतळ्यासारख्या. ‘एकदम शांत आहे हो तुमची, जरासुद्धा त्रास दिला नाही.’ खरं सांगते, मला अभिमान वाटला. घरी आल्यावर तिने डायनिंग टेबलाखाली शू केली आणि संध्याकाळपर्यंत पाणीही प्यायली नाही.

तेव्हापासून ब्रश दिसला की सोफ्याखाली. मिक्सर लावला तरी सोफ्याखाली. नवरा म्हणतो, दोघांनी धरून करून टाकू, होईल सवय. सासूबाई म्हणतात, राहू दे, कुत्र्याला कसली आलीय वेणीफणी. आणि मधल्या मध्ये गुंता सुपारीएवढा झालाय. काय करू?

तिखटमीठ
वाचतेय. आमच्याकडे पुढच्या महिन्यात कॉकर स्पॅनियलचं पिल्लू येतंय. नवऱ्याचा सल्ला बाद, सासूबाईंचा अर्धा बाद.

नागपुरी_संत्रं
इतकं कशाला डोक्याला ताप करून घ्यायचा ताई, मशीन फिरवून टक्कल करून टाका. आमच्या लॅबचं (लॅब्राडोर) दर उन्हाळ्यात करतो. इथं ४५ डिग्री असते, पोराला गार वाटते.

गोठा_ते_गच्ची
पशुवैद्य आहे. आधी काळजीचं बोलतो.

तीन महिन्यांच्या पिल्लाचे लसीचे डोस पूर्ण झालेले नसतात. पहिला सहा ते आठ आठवड्यांचा असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास. पार्व्होचा (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) विषाणू जमिनीवर, टेबलावर, टॉवेलवर महिनोन् महिने तग धरतो आणि साध्या फिनाइलने जात नाही. जिथे दिवसाला दहा कुत्री येतात, त्या टेबलावर अर्धवट डोस झालेलं पिल्लू ठेवू नये. पुढचे काही दिवस उलटी, जुलाब, मलूलपणा यांवर लक्ष ठेवा. काही दिसलं तर इथे लिहीत बसू नका, थेट डॉक्टरकडे जा.

दुसरं, शिह त्झू, पग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांच्या गळ्यात फास असलेला पट्टा अडकवून उभं करणं मला अजिबात पटत नाही. यांचे डोळे उथळ खोबणीत असतात. मानेवर जोराचा ताण आला तर डोळा अक्षरशः बाहेर येऊ शकतो, मी टाके घातलेत. पिंजऱ्यात ठेवून गरम हवा सोडायचा ड्रायरही यांना नको. नाक आखूड, हापून अंग थंड करायची क्षमता कमी, पटकन तापतात.

पण ‘डोस होईपर्यंत काहीच नको’ असाही अर्थ काढू नका. पिल्लू नवीन गोष्टी बिनबोभाट स्वीकारतं तो काळ तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा, आणि तो डोससाठी थांबत नाही. तुमच्या हातात अजून दोन-तीन आठवडे आहेत. पार्लर नको, घरी सुरू करा. कसं ते कातरवेळ सांगतील, त्यांचा तो धंदाच आहे.

कातरवेळ
नाव घेतलंत म्हणून आले, नाहीतर आज सुट्टी होती.

मधली_सुट्टी, आधी त्या ‘एकदम शांत होती’बद्दल. अकरा वर्षं डोंबिवलीत हेच काम करतेय. पहिल्या वेळेला टेबलावर शांत उभं राहणारं पिल्लू बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. जे वळवळतं, हात चाटतं, ब्रश पळवायला बघतं, ते ठीक आहे. जे दगड होतं, ते घाबरून दगड झालेलं असतं. जरा जवळून बघा: तोंड मिटलेलं, जीभ मधूनच नाकावर फिरते, मान पलीकडे वळवलेली पण नजर हातावर, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. झोप नसताना जांभई. शेपूट पोटाखाली. ही सगळी ‘पुरे’ म्हणायची भाषा आहे. ती ऐकली नाही तर पुढची पायरी गुरगुरणं, त्याच्या पुढची दात. माझ्याकडे तोंडाला जाळी घालून जी मोठी कुत्री येतात, त्यातल्या बहुतेकांचे मालक सांगतात, ‘लहानपणी फार शांत होता हो.’

धरून केलं तर आजचं काम होतं, तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. पण शिह त्झूचे केस आयुष्यभर वाढतात, आणि ही जात बारा-पंधरा वर्षं जगते. महिन्यातून एकदा धरलं तरी दीडशेच्या वर वेळा धराल.

आता करायचं काय. सध्याचा ब्रश ठेवून द्या, तो बदनाम झालाय. वेगळ्या रंगाचा, वेगळ्या मुठीचा घ्या. तारांचा स्लिकर नंतर लागेलच, पण सुरुवात मऊ ब्रशने. तो हातात घेऊन तिच्याजवळ जाऊ नका. जमिनीवर बसा, ब्रश पाठीमागून काढून शेजारी ठेवा, आणि तो दिसल्यावर लगेच उकडलेल्या चिकनचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा. ब्रश परत पाठीमागे, चिकन बंद. एवढंच. पाच-सहा वेळा, दोन मिनिटांत खेळ खलास.

इथे क्रम चुकवू नका, सगळे इथेच चुकतात. आधी चिकन दाखवून मग ब्रश काढलात तर चिकन दिसलं की संकट येतं असं ती शिकेल, आणि मग चिकनलाही घाबरेल. आधी ब्रश, मग चिकन. दोन-तीन दिवसांत ब्रश दिसल्यावर ती तुमच्या दुसऱ्या हाताकडे बघायला लागेल. ती बघितली की पुढची पायरी: ब्रशची पाठ, दाते नव्हेत, खांद्याला एकदा टेकवायची, चिकन. मग एक फटकारा. मग दोन. खांदा आणि पाठ आधी. पंजे, कान, शेपूट, दाढी सगळ्यात शेवटी, कारण तिथे कुणालाच हात लावलेला आवडत नाही, मलाही नाही.

एक खेळ फार उपयोगी पडतो, चिराग पटेल या इंग्लंडमधल्या प्रशिक्षकाचा, बकेट गेम म्हणतात. बादलीच हवी असं नाही, मी वाटी वापरते. वाटीत खाऊ, समोर ठेवायची. पिल्लू वाटीकडे बघत असेल तोवर तुमचा हात चालतो, मधून मधून खाऊ मिळतो. त्याने नजर काढली की हात थांबला. ओरडायचं नाही, बोलवायचं नाही, नुसतं थांबायचं. पिल्लाला दोन दिवसांत कळतं की थांबवायचं बटण आपल्याकडे आहे. आणि गंमत अशी की बटण आपल्याकडे आहे हे कळलं की ते कमी वेळा दाबतं.

गुंता मात्र आठवडाभर थांबणार नाही, त्याचं वेगळं बघू. भिजवू नका. भिजला की आवळतो, वाळला की नमदा होतो. आणि कात्री मुळीच नको. गुंत्यात कातडी वर ओढली जाते, कानामागची कातडी कागदासारखी पातळ, लोक घरी कापायला जातात आणि टाक्यांसाठी डॉक्टरांकडे येतात. ती दमून झोपेला आली असताना, बुंध्याशी दोन बोटांत गुंता घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळा आणि बोटांनीच टोकाकडून उकला. मुळाकडून नाही. एका बैठकीत चार केस सुटले तरी चालतील. बुंध्याशी बोट शिरतच नसेल तर डॉक्टरांकडूनच मशीनने काढून घ्या.

कातरवेळ
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.

नागपुरी_संत्रं
माझ्या टकलाच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही.

कातरवेळ
ते वाईट बातमी म्हणून मागे ठेवलं होतं :) लॅबचा कोट दुहेरी असतो. आतली लव आणि वरचे राठ केस मिळून उन्हालाही आडोसा करतात. सगळं भादरलंत की ऊन थेट कातडीवर. त्यातून स्पिट्झ, पॉम, हस्की यांचे केस भादरल्यावर कधी कधी नीट परत येतच नाहीत, ठिगळं पडतात. उन्हाळ्याच्या आधी आतली मेलेली लव ब्रशने काढा, लॅबची टोपलीभर निघते. तेवढ्यानेच गार वाटतं. शिह त्झूचं वेगळं. तिचे केस बारीक ठेवले तरी चालतात, फक्त कातडीपर्यंत नको.

नागपुरी_संत्रं
बापरे. पाच वर्षं झाली करतोय. बायकोला सांगत नाही.

माणदेशी
आमच्याकडं कारवानी आहे, शिकारी जातीचं कुत्रं. अंगावर केस म्हणावं तर बोटाच्या चिमटीत येत नाहीत. ओलं फडकं फिरवलं की झालं. ही वेणीफणी शहरातल्या कुत्र्यांची. हलके घ्या.

उंबरठा
माणदेशी, मीही हेच म्हणायचे. आमचा बंड्या देशी, सोसायटीच्या गेटवरून उचललेला. केस आखूड, त्यामुळे पिल्लू असताना कान-पंजे कधी हातात घेतलेच नाहीत. दीड वर्षाचा असताना कानात गोचीड शिरला. दोन बोटांत उचलायचं काम, पण तो कान धरू देईना. शेवटी दवाखान्यात गुंगीचं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, गोचीड काढायला दोन सेकंद लागले, कुत्रा धरायला अर्धा तास.

गोठा_ते_गच्ची
उंबरठा यांनी मुद्द्याचं लिहिलं. माणदेशी, तुमच्या कारवानीलाही नखं, कान आणि दात आहेतच की. ब्रशचा प्रश्न केसांपुरता आहे, हात लावू देण्याचा सगळ्यांचा.

गोचिडाचा विषय निघालाच आहे तर: रॉकेल नाही, पेटती काडी नाही. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही. गोचिडांतून एर्लिकियासारखे आजार होतात, तेव्हा पिल्लाला औषध हवंच, पण वयाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे. मानेवर सोडायचं औषध घातलं तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. टी ट्री तेलाचे घरगुती उपाय फिरत असतात, कुत्र्याला ते विषारी आहे.

दातांचं कुणी विचारलं नाही पण सांगतो. दुधाचे २८ दात चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात, मग ४२ येतात. पडणारे दात घासायचे कशाला, असं वाटेल. घासायला नाहीच, बोट तोंडात घालू देण्याची सवय व्हायला. बोटाला ओली मलमली पट्टी गुंडाळून गालाच्या आतून एकदा फिरवा, बस. माणसांची टूथपेस्ट नको, कुत्रं ती थुंकत नाही. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर जिवावर बेतू शकतं. पीनट बटर चाटायला देणाऱ्यांनीही डबीवर झायलिटॉल नाही ना ते बघावं. आणि बक्षीस म्हणून मनुका, द्राक्षं, चॉकलेट नको.

मधली_सुट्टी
(पाच दिवसांनी) सगळ्यांना दंडवत. तब्येत ठीक आहे, उलटी-जुलाब काही नाही.

नवीन ब्रश पिवळा आहे. पहिल्या दिवशी ती सोफ्याखालून फक्त नाक बाहेर काढून बसली, चिकन मीच सरकवलं. दुसऱ्या दिवशी अर्धी बाहेर. काल ब्रश काढला आणि ती खरंच, अगदी कातरवेळ म्हणाल्या तसं, माझ्या डाव्या हाताकडे बघायला लागली! मी एवढ्या मोठ्याने ‘अगं बाई’ म्हणाले की परत आत गेली.

गुंत्याचं श्रेय मात्र माझं नाही. संध्याकाळी सासूबाई मेथी निवडायला बसतात तेव्हा झिपरी त्यांच्या मांडीला टेकून झोपते. परवा बघते तर एका हाताने मेथी आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गुंता. मी काही सांगितलं नव्हतं, मोबाइलवर धागा मीच मोठ्याने वाचत असते, तेवढंच. निम्मा सुटलाय. फक्त त्यांनी बोटाला खोबरेल लावलंय, आणि झिपरीला नारळाच्या वडीचा वास येतोय. चालेल ना?

गोठा_ते_गच्ची
थेंबभर चालेल, चाटलं तरी काही होत नाही. पण तेलावर धूळ बसते आणि धुळीने परत गुंता. कॉर्नफ्लॉवर बरं. सासूबाईंना नमस्कार.

तिखटमीठ
सासूबाईंचा सल्ला अर्धा बाद म्हणाले होते, तो पूर्ण मागे घेते.

मधली_सुट्टी
ब्लोअरच्या आवाजाचं काय? तिकडे गाडी अडलीय. हेअर ड्रायर कपाटातून काढला तरी कान मागे.

कातरवेळ
यजमान दाढी ट्रिमरने करतात का? करत असतील तर बिनपगारी कामाला लावा. तिची जेवणाची वेळ आणि त्यांची ट्रिमरची वेळ एक करा. पहिले चार दिवस ट्रिमर बाथरूममध्ये दार लावून, तिची वाटी हॉलच्या टोकाला. मग दार उघडं. मग वाटी थोडी जवळ. खाणं थांबवलं की तुम्ही घाई केलीत, दोन पावलं मागे. हेअर ड्रायरचंही असंच, आणि तो सर्वात कमी वेगावर, गार हवेवर, तिच्याकडे तोंड न करता. आवाज वेगळा शिकवायचा, हवा वेगळी, आणि हातात धरलेलं यंत्र वेगळं. तिन्ही एकदम अंगावर आली म्हणूनच ती दगड झाली.

मधली_सुट्टी
(तीन आठवड्यांनी) डोस पूर्ण झाले, डॉक्टरांनी आंघोळीला परवानगी दिली. पहिली आंघोळ झाली! सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग होईल.

आठवडाभर आधीपासून ती कोरड्या बाथरूममध्ये जेवत होती. आमच्या फरशीवर तिचे पाय चारी दिशांना जातात, म्हणून खाली जुना टॉवेल. तेवढ्याने अर्धी भीती गेली. मग मगातून नुसतं पाणी बादलीत ओतून दाखवलं, आवाजासाठी. आंघोळीच्या दिवशी पाणी इतकं कोमट की कोपराला गरम-गार काहीच कळू नये. मागच्या पायांपासून सुरुवात, मग पाठ, चेहऱ्यावर पाणी नाहीच, ओलं फडकं. बाथरूमच्या भिंतीला, तिच्या नाकाच्या उंचीवर, घट्ट दही थापलं होतं. साडेतीन मिनिटं दही पुरलं. शाम्पू धुवायला चार मिनिटं लागली, तेवढं शेवटचं अर्धं मिनिट तिने माझ्या खांद्यावर काढलं.

शाम्पू कुत्र्यांचाच. मुलीचा बेबी शाम्पू होता घरात, पण तिने शाळेतलं ज्ञान पाजळलं: आपल्या त्वचेचा सामू साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा सातच्या आसपास. डॉक्टर, बरोबर आहे ना?

भिजल्यावर ती केवढीशी निघाली! मूठभर कुत्रं आणि बाकी सगळे केस. सासूबाई दारात उभ्या राहून ‘कान, कान’ ओरडत होत्या, कानात कापूस घातलेला असूनही.

गोठा_ते_गच्ची
बरोबर आहे, मुलीला शाबासकी. आंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे. कापूस आठवणीने काढा, विसरलेला कापूस मी काढलाय. कान आतून इअरबडने कोरू नका. कुत्र्याची कानाची नळी खाली जाऊन काटकोनात वळते, बडने मळ आत ढकलला जातो. आणि पुण्याच्या पावसाळ्यात बाहेरून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तिथे ओल राहिली की बुरशी.

उंबरठा
नखांचं कोणी सांगेल का? बंड्याची नखं काळी कुळकुळीत, आतली शीर दिसतच नाही. एकदा रक्त आलं तेव्हापासून नेलकटर माझ्याच हातात थरथरतं. तुरटी लावली तर किंचाळला.

कातरवेळ
तुरटी झोंबते. कॉर्नफ्लॉवर दाबून धरायचं, दोन-तीन मिनिटं, मध्ये उघडून बघायचं नाही. काळ्या नखाचा तांदळाएवढाच तुकडा घ्यायचा आणि कापलेला भाग समोरून बघायचा. मधोमध काळसर ओलसर ठिपका दिसायला लागला की थांबा, पुढे शीर आहे. दिवसाला एकच नख. चारी पायांचं एका दिवशी झालंच पाहिजे असा नियम नाही.

आणि नेलकटरला इतका घाबरत असेल तर त्याचं त्यालाच घासू दे. फूटभर फळीला पॉलिशपेपर चिकटवा, तिरकी धरा, खाली खाऊ लपवा. तो पंजाने खरवडतो, खाऊ मिळतो. पुढची नखं आपोआप झिजतात. मागच्यांना मात्र कटर लागतंच.

मधली_सुट्टी
(आणखी महिन्याभराने) दुसऱ्या पार्लरमध्ये जाऊन आलो. कातरवेळ यांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या दिवशी काहीच करून घेतलं नाही. वजनकाट्यावर बसली, टेबलावर चढून चिकन खाल्लं, खाली उतरली, घरी. त्यांनी पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या खेपेला फक्त पंजाखालचे केस आणि डोळ्यांपुढची झुलपं, मी शेजारीच उभी. तिथल्या मुलीने मशीन आधी बंद स्थितीत पाठीला टेकवलं, मग चालू करून स्वतःच्या मनगटाला लावून बघितलं, पातं तापलंय का ते. मला ती मुलगी फार आवडली.

झिपरी काही पुतळा झाली नाही. चिक्कार वळवळली, दोनदा खाली बसली, एकदा ब्रश तोंडात धरून ओढला. मुलगी म्हणाली, ‘जरा आगाऊ आहे हां.’ मी मनातल्या मनात पेढे वाटले.

डोळ्यांत केस जातात म्हणून सासूबाई रोज सकाळी तिची शेंडी बांधतात, माझ्या मुलीच्या मऊ रबराने. आधी मुलीची वेणी, मग हिची. ही रांगेत बसते. मागचा उजवा पाय मात्र अजून देत नाही, हात नेला की त्यावरच बसते.

तिखटमीठ
आमचा कॉकर परवा आला. पहिल्याच दिवशी ब्रश दाखवून चिकन दिलं. ब्रश खाल्ला, चिकन ठेवलं.

माणदेशी
ते फळीचं आमच्या कारवानीला करून बघतो. पॉलिशपेपर किती नंबरचा आणायचा?

कातरवेळ
मोठ्या कुत्र्याला ८०, पिल्लाला १२०. हार्डवेअरवाल्याला कशासाठी ते सांगत बसू नका, तासभर जातो.